स्वभावाला औषध नाही?

'स्वभावाला औषध नाही' ही म्हण मला दवाखान्यात आठवड्यातून दोनदा तरी ऐकावी लागते. ती ऐकवणारा पेशंट नसतो, बरोबर आलेले नातेवाईक असतात. "डॉक्टर, याला काही झालेलं नाही, मुळातच आळशी आहे." "हिचा स्वभावच चिडका, गिऱ्हाईक टिकत नाही हिच्याकडं." "पोरगा हुशार आहे हो, पण चार माणसांत तोंड उघडत नाही. याला नोकरी कोण देणार?" डोके दुखते, पोट बिघडते ही तक्रार निमित्ताला असते. खरी तक्रार मिळकतीची असते, आणि तिचा दोष पेशंटच्या स्वभावावर ठेवून मंडळी मोकळी झालेली असतात.

हल्ली यावर एक नवा इलाजही निघाला आहे. तालुक्याच्या गावीसुद्धा एस.टी. स्टँडसमोर व्यक्तिमत्त्व विकासाच्या क्लासचे फलक दिसतात. 'सॉफ्ट स्किल्स' हा शब्द आता शेतकरी बापालाही पाठ झाला आहे. आमच्या वेळी याला बोलण्या-चालण्याची रीत म्हणत आणि ती घरात, शाळेत, फार तर किराणा दुकानात पुड्या बांधता बांधता शिकायला मिळे. आता तिला फी पडते. माझा या क्लासना विरोध नाही. काही मुलांची भीड तेथे खरोखर मोडते. पण सोयाबीनच्या पट्टीतले पैसे मोजून मुलाला तेथे घालण्यापूर्वी बापाने दोन गोष्टी समजून घ्याव्यात. स्वभावाचा मिळकतीशी संबंध आहे, पण तो आपण समजतो तितका सरळ नाही. आणि ज्याला आपण स्वभाव म्हणतो, त्यातला बराचसा भाग तपासणीच्या टेबलावर सापडतो.

आधी पहिली गोष्ट. मानसशास्त्रज्ञ माणसाच्या स्वभावाचे ढोबळमानाने पाच पैलू धरतात: शिस्तशीरपणा, मनमिळाऊपणा, मोकळेपणाने लोकांत मिसळणे, नव्याची ओढ आणि मनाची अस्थिरता. पाश्चात्त्य देशांत या पैलूंची पगाराशी सांगड घालून पुष्कळ अभ्यास झाले. नेमून दिलेले काम वेळेवर, नीट पुरे करणारा शिस्तशीर माणूस बहुतेक सर्व प्रकारच्या कामांत चांगला ठरतो. सतत काळजी करणारा, लवकर खचणारा माणूस कमी मिळवतो. येथपर्यंत नवल नाही. नवल पुढे आहे. मनमिळाऊ माणूस, म्हणजे आपण ज्याला 'गुणी' म्हणतो तो, कमी पगारावर राहतो, पुरुषांमध्ये तर विशेषच. कारण उघड आहे. त्याला पगारवाढ मागायची भीड वाटते आणि दुसऱ्याचे काम अंगावर घ्यायला नाही म्हणवत नाही. ज्या मुलाला आपण घरी 'उलट बोलू नको' म्हणून घडवले, तोच चाकणच्या कारखान्यात पाच वर्षांनी त्याच पगारावर असतो आणि आपण म्हणतो, पोरगं फार साधं आहे.

शहरातल्या नोकरीत बोलण्याला भाव आहे, हे खरे. अमेरिकेतील डेव्हिड डेमिंग या अर्थशास्त्रज्ञाने २०१७ साली दाखवून दिले की, १९८० ते २०१२ या काळात तेथे माणसांशी सतत संबंध येणाऱ्या नोकऱ्यांचा एकूण रोजगारातील वाटा जवळजवळ १२ टक्के-बिंदूंनी वाढला. जे काम यंत्राला आणि संगणकाला शिकवता येते ते यंत्राकडे गेले. समोरच्याचा कल ओळखून वागणे यंत्राला जमले नाही, म्हणून त्याची किंमत वाढली. आपल्या पुण्या-मुंबईतही बँकेच्या, विम्याच्या, इस्पितळाच्या नोकरीत हेच दिसते.

आणि गावात? बोलणाऱ्याची बोरे विकली जातात, अशी म्हण आहे. बोरे विकली जातात, कबूल. पाटी घेऊन बाजारात बसणाऱ्या बाईला गोड जिभेचा फायदा होतोच. पण बाजार समितीच्या लिलावात सोयाबीनचे पोते ठेवले की जिभेचा उपयोग संपला. तेथे ओलावा किती आणि काडीकचरा किती हे पाहिले जाते आणि त्या दिवशीचा भाव पडतो. शेतकरी गोड बोलणारा आहे की तिरसट, याच्याशी खरेदीदाराला कर्तव्य नाही. फार तर शिस्तशीर माणसाने माल नीट वाळवून, चाळून आणला तर त्याला चार पैसे जास्त मिळतील. विहिरीला पाणी नसेल तर तेही नाही.

गावात मनमिळाऊपणाची कमाई वेगळ्या रूपाने होते. सावडीला, इर्जिकेला माणसे कोणाकडे धावतात? जो दुसऱ्याकडे गेला त्याच्याकडे. रात्री-अपरात्री बाळंतीण न्यायला गाडी कोणाला मिळते? बियाणे उधार कोणाला मिळते? ही मिळकतच आहे, पण ती पासबुकात दिसत नाही, म्हणून कोणत्याही पाहणीत मोजली जात नाही. तोच मनुष्य शहरात गेला की ही पुंजी गावातच राहते. तेथे त्याला नव्याने, अनोळखी माणसांत, शून्यापासून सुरुवात करावी लागते, आणि मग आपण म्हणतो की खेड्यातली पोरे बुजरी असतात.

आकडे पाहू. २०१८-१९ सालच्या सरकारी पाहणीनुसार देशातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होते. त्यात पिकाचे ३,७९८ आणि मजुरी-पगाराचे ४,०६३. म्हणजे शेतकरी म्हणवणारे कुटुंबही शेतापेक्षा दुसऱ्याच्या चाकरीतून जास्त मिळवते. २०२३-२४ च्या पाहणीत दरडोई मासिक खर्च गावात ४,१२२ रुपये तर शहरात ६,९९६ रुपये निघाला. आता मला सांगा, हा फरक स्वभावाचा आहे काय? तोच मुलगा, तोच स्वभाव, एस.टी.त बसून रांजणगावला उतरला की त्याची मजुरी वाढते. आठ तासांत त्याचा स्वभाव सुधारला, असे कोणी म्हणणार नाही. बदलली ती जागा. गरिबीचे खापर गरिबाच्या स्वभावावर फोडण्याची सवय शिकल्या-सवरल्या माणसांना फार आहे. ती मला बिलकूल पसंत नाही.

शिवाय स्वभाव मोजण्याचे ते साधनही आपल्याकडे फारसे चालत नाही. काही संशोधकांनी २३ विकसनशील देशांत घरोघरी जाऊन विचारलेल्या प्रश्नावल्या तपासल्या. २०१९ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, पाच पैलूंच्या या प्रश्नावल्या जे मोजायचे ते तेथे धडपणे मोजतच नाहीत. त्याचे एक कारण वाचून मला हसू आले. विचारणाऱ्याचा मान राखायचा म्हणून माणसे प्रत्येक प्रश्नाला हो म्हणतात! आम्हा डॉक्टरांना हे नवीन नाही. "गोळ्या वेळेवर घेता ना?" "हो." "तंबाखू सोडली ना?" "हो, कवाच." आणि खिशात पुडी. तेव्हा कोणी छापील प्रश्नावली पुढे करून तुमच्या मुलाच्या स्वभावाचे गुण काढून दिले, तर त्या गुणपत्रिकेवर लग्न किंवा शिक्षण ठरवू नका.

आता दुसरी गोष्ट, जी माझ्या धंद्यातली आहे.

पंचेचाळिशीच्या एक शिवणकाम करणाऱ्या बाई रक्तदाबासाठी येत. सूनबाईंची तक्रार, की सासूबाई हल्ली सारख्या चिडतात, ब्लाऊज उसवून परत येतात, गिऱ्हाईक तुटले. मी सुईत दोरा ओवायला सांगितला. ओवता आला नाही. त्यांना दुसरे-तिसरे काही नव्हते, चाळिशी लागली होती. चष्मा लागला तर लोक म्हातारी म्हणतील म्हणून बाईंनी दोन वर्षे तशीच काढली आणि त्या दोन वर्षांत त्यांच्या नावावर 'चिडकी' हा शिक्का बसला. रात्री चिमणीसारख्या उजेडात काळ्या कापडावर काळी शिलाई घालायची, दिसायचे नाही, चूक झाली की बोलणी खायची. यात कोणाचा स्वभाव गोड राहील?

हा एका बाईंचा प्रश्न नाही. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या ७५१ मजुरांवर एक प्रयोग झाला आणि तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना जवळचे दिसण्याचा साधा चष्मा लगेच दिला, निम्म्यांना प्रयोग संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची चहापत्तीची रोजची तोड दुसऱ्या गटाच्या तुलनेत जवळजवळ २२ टक्क्यांनी अधिक वाढली. बांगलादेशच्या खेड्यांत ८२४ जणांवर असाच प्रयोग झाला. २०२४ सालच्या त्याच्या अहवालात आठ महिन्यांनी चष्मेवाल्यांचे उत्पन्न बिनचष्मेवाल्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी जास्त आढळले. व्यक्तिमत्त्व विकासाचा कोणता क्लास असा हिशेब दाखवील?

दुसरा शिक्का आळशीपणाचा. हा बहुधा बायकांवर बसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. निम्म्याहून अधिक! खुरपायला गेलेली बाई दर तासाला बांधावर टेकते, चार पायऱ्या चढून धापा टाकते, दुपारी कामात लक्ष लागत नाही. मुकादम तिला पुढच्या खेपेला बोलावत नाही. घरी नवरा म्हणतो, ही पहिल्यापासून अशीच. पहिल्यापासून म्हणजे केव्हापासून, असे विचारले तर दुसऱ्या बाळंतपणापासून. हिमोग्लोबिन पाहावे तर सात. इंडोनेशियात रबराचा चीक काढणाऱ्या मजुरांवर १९७० च्या दशकात अभ्यास झाला. त्यात रक्त कमी असलेल्या मजुरांचे काम कमी भरत होते आणि लोहाच्या गोळ्या दिल्यावर ते वाढले. पन्नास वर्षे झाली या गोष्टीला. आपल्याकडे लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. त्या ट्रंकेत पडून राहतात, कारण शौचाला काळी होते, मळमळते. जेवणानंतर घ्या, मळमळ कमी होईल. चहाबरोबर मात्र घेऊ नका, मध्ये दोन तास जाऊ द्या. काळ्या शौचाला घाबरण्याचे कारण नाही, ते लोहानेच होते. जंत, जास्त अंगावर जाणे, थायरॉइड हेही पाहून घ्यावे लागते.

तिसरा शिक्का शिष्टपणाचा. कापडाच्या दुकानात कामाला लागलेला एक मुलगा महिन्याभरात काढला गेला. मालकाचे म्हणणे, हाक मारली तरी ओ देत नाही, मिजास फार. त्याचा लहानपणापासून कान वाहत होता, पडद्याला भोक होते. समोरून बोलले तर ओठांवरून समजायचे, पाठीमागून काही ऐकूच यायचे नाही. शाळेतही तो मागच्या बाकावर बसे, म्हणून 'ढ'. कान वाहणे ही आपल्याकडे सर्दीइतकी किरकोळ गोष्ट समजली जाते. तेल घालून बोळा बसवला की झाले. ते तेल कृपा करून घालू नका.

झोपेविषयी थोडक्यात सांगतो. चेन्नईत संगणकावर माहिती भरणाऱ्या गरीब कामगारांवर झालेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. ही माणसे रात्री जेमतेम साडेपाच तास झोपत. गजबज, डास आणि उकाडा यांमुळे झोप तुटक. त्यांची रात्रीची झोप अर्ध्या तासाने वाढवली, तरी कामात काही फरक पडला नाही. दुपारी अर्धा तास डुलकी घेणाऱ्यांचे काम मात्र सुधारले. आपल्या वाडवडिलांची वामकुक्षी अगदीच अडाणीपणाची नव्हती तर! पण डुलकीत गेलेला वेळ बुडतो, त्यामुळे जेवढे काम तेवढा पैसा या हिशेबात तो कामगार उलट तोट्यात गेला. हेही सांगितले पाहिजे, नाहीतर माझे नाव सांगून मंडळी दुकान बंद करून झोपतील.

या साऱ्यांहून अवघड शिक्का बेफिकिरीचा, निष्काळजीपणाचा. कर्जबाजारी माणूस वीजबिल भरायला विसरतो, औषधाच्या वेळा चुकवतो, मुलांवर खेकसतो. आपण म्हणतो, म्हणूनच हा कर्जात बुडाला. तमिळनाडूत ४६४ ऊस उत्पादकांची परीक्षा घेतली गेली, एकदा ऊस जाण्यापूर्वी, हात तंगीत असताना, आणि एकदा उसाचे पैसे हाती आल्यावर. माणूस तोच, पण तंगीच्या दिवसांत त्याचे लक्ष आणि तर्क दोन्ही कमी पडले. २०१३ सालचा हा अभ्यास. अमेरिकेत पगारापूर्वी आणि पगारानंतर अशीच तपासणी झाली तेव्हा फरक दिसला नाही, म्हणून एकाच अभ्यासावर सारा भार टाकू नये. पण त्यानंतर ओडिशात पत्रावळी लावणाऱ्या मजुरांवर प्रयोग झाला. काहींना मजुरीचा काही भाग थोडे दिवस आधी हातात दिला. एकूण मजुरी सर्वांना तीच. आधी पैसे मिळालेल्यांनी सरासरी ७ टक्के जास्त काम केले आणि चुकाही कमी केल्या. घेणेकऱ्याचे तोंड चार दिवस मिटले, एवढ्याने हात सुधारला. आपल्याकडे उसाची बिले थकतात, रोजगार हमीची मजुरी उशिरा पडते, तेव्हा मजुराचा पैसाच नव्हे तर त्याचे चित्तही अडकून पडते, हे संबंधितांनी लक्षात घ्यायला हवे.

आणि काहींच्या बाबतीत ती नुसती चिंता नसते, नैराश्याचा आजार असतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या दहांपैकी आठांहून अधिक रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे आढळले. पहाटे लवकर जाग येणे, जेवणावरची वासना जाणे, दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच जीव न रमणे, ही लक्षणे आहेत. या माणसाला 'मन घट्ट कर' म्हणणे म्हणजे मोडलेल्या पायाच्या माणसाला पळ म्हणण्यासारखे आहे. त्यावर औषध आहे. १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर फुकट बोलताही येते.

मग स्वभाव म्हणून काही उरतच नाही काय? उरतो, आणि त्यातलेही काही शिकवता येते. आफ्रिकेतील टोगो देशात, लोमे शहरात, १५०० छोट्या धंदेवाल्यांवर झालेला प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. काहींना नेहमीचे, म्हणजे हिशेब ठेवण्याचे वगैरे शिक्षण दिले. काहींना स्वतःहून पाऊल उचलण्याचे शिक्षण दिले: गिऱ्हाईक का येत नाही हे आपण होऊन शोधा, शेजाऱ्याची नक्कल करू नका, एक अडचण आली तर दुसरी वाट पाहा. काहींना काहीच दिले नाही. पाऊल उचलायला शिकलेल्यांचा नफा दोन वर्षांत ३० टक्क्यांनी वाढला. हिशेबवाल्यांचा फायदा ठामपणे सांगण्याइतका नव्हता. तेव्हा धडपड ही जन्मजात देणगी आहे, हे काही खरे नाही.

पण शिकून मिळालेल्या गुणाचे पैसे कोणाच्या खिशात जातात, हेही पाहा. बंगळूरच्या कपडे शिवण्याच्या कारखान्यांत स्त्री कामगारांना बोलणे, वेळेचे नियोजन, अडचण सोडवणे असे शिक्षण दिले. त्यांचा कामाचा उरक चांगलाच वाढला. कारखान्याला घातलेल्या पैशावर आठ-नऊ महिन्यांत अडीचशे टक्क्यांहून अधिक परतावा मिळाला. आणि बायकांची मजुरी वाढली किती? साधारण अर्धा टक्का! त्या बायका बोलायला शिकल्या, पण मजुरीविषयी बोलायला कोणी शिकवले नाही. शिकवले असते तरी ऐकणारे कोणी होते काय, हा प्रश्नच आहे. क्लासमध्ये मुलाखतीला हात कसा मिळवावा हे शिकवतात. पगाराची चिठ्ठी कशी वाचावी, भविष्यनिर्वाह निधी कापला आहे की नाही ते कसे पाहावे, जादा तासांचे पैसे कसे मागावेत, हे शिकवणारा क्लास माझ्या तरी पाहण्यात नाही. निघाला तर मी पेशंटच्या मुलांना तेथे अवश्य पाठवीन.

ज्यांची मुले अजून लहान आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो. अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९६२ साली गरीब कुटुंबांतील कृष्णवर्णीय बालकांसाठी एक बालवाडी सुरू झाली. एकूण १२३ मुलांचा अभ्यास झाला, निम्मी बालवाडीत आणि निम्मी बाहेर. बालवाडीतल्या मुलांचा बुद्ध्यांक सुरुवातीला वाढला आणि काही वर्षांत पुन्हा बाकीच्यांइतकाच झाला. सगळ्यांना वाटले, पैसे फुकट गेले. पण ही मुले चाळिशीत आली तेव्हा जास्त कमावत होती आणि तुरुंगाच्या वाटेला कमी गेली होती. नोबेल मिळालेले जेम्स हेकमन यांनी ते आकडे पुन्हा तपासून सांगितले की, यातला मोठा वाटा बुद्धीचा नव्हता, वागणुकीचा होता. तीन-चार वर्षांची मुले तेथे काय करीत? काय खेळायचे ते आधी ठरवीत, तसे खेळत, मग काय झाले ते बाईंना सांगत. बस्स एवढेच. आपल्या अंगणवाडीत हे करायला पैसा लागत नाही, पण सेविकेला खिचडी, वजन, नोंदवह्या आणि मोबाइलवरची माहिती यांतून उसंत तर मिळायला हवी.

घरातला कोणी कामात मागे पडत असेल, नुकताच चिडका, घुमा किंवा विसराळू झाला असेल, तर आधी डोळे, कान, हिमोग्लोबिन आणि चाळिशी उलटली असल्यास रक्तातील साखर तपासून घ्या. दारूचे प्रमाण विचारा, आणि सांगितले त्याच्या दुप्पट धरा. बाजारातला तयार चष्मा स्वस्त मिळतो आणि जवळच्या कामाला तो चालतोही. पण मोतीबिंदू किंवा काचबिंदू नाही ना, हे एकदा पाहून मगच घ्या. ग्रामीण रुग्णालयात ही तपासणी होते, सकाळी लवकर जावे. माझ्याकडे येणार असाल तर जुने रिपोर्ट आणा, बरोबर कोणी यायचे असेल तर जरूर यावे, फक्त पहिली दहा मिनिटे त्यांनी बाहेरच्या बाकावर बसावे.